ठिपका पांढरा यायला हवा

नरकचतुर्दशीच्या पहाटे पाचला आईने न्हाणीघरातून हाक मारली. "अगं, पाणी गारच येतंय की."

उटणं वाटीत भिजवून ठेवलं होतं, तेल कोमट करून झालं होतं. साताऱ्याहून आलेल्या आईची ही अमेरिकेतली पहिली दिवाळी. बाहेर तापमान २ अंशांवर आलं होतं आणि खोल्यांमधले रेडिएटर हाताला थंडगार लागत होते. आमचं घर मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर शहरात, एका चढावर. जवळपास शंभर वर्षं जुनं, लाकडी. इथे अशा घरात नळाचं गरम पाणी आणि खोल्यांची ऊब या दोन्हींची जबाबदारी तळघरातल्या एकाच ओतीव लोखंडी बॉयलरवर असते. तो तेलावर चालतो. तो बंद पडला की सगळंच बंद पडतं.

मी शाल गुंडाळून तळघरात उतरले. बर्नरवर एक लाल बटण असतं, ते दाबलं. मोटर घरघरली, पाऊण मिनिटाने खट् आवाज होऊन थांबली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. असं पाच वेळा केलं. मग तेलवाल्या कंपनीच्या तातडीच्या नंबरवर फोन केला.

साडेसातला माणूस आला. साठीच्या आसपासचा, गुडघ्यांवर जाड ठिगळं लावलेली पँट, हातात पेटी. जिना उतरता उतरता त्याने एकच प्रश्न विचारला, "बटण किती वेळा दाबलंत?"

मी खरं ते सांगितलं. त्याने पेटी खाली ठेवली ती उघडलीच नाही. आधी जिन्याच्या तोंडाशी असलेला लाल पट्टीचा स्विच बंद केला, मग भट्टीचं छोटं झाकण उघडून बॅटरी मारली आणि मला जवळ बोलावलं. आत पांढरट अस्तर तेलाने काळपट ओलं झालं होतं. रॉकेलच्या दुकानात येतो तसा वास नाकात शिरला.

त्याने हिशोब सांगितला, तो मी नंतर कागदावर मांडून पाहिला. आमच्या बर्नरचं नॉझल तासाला ०.८५ गॅलन, म्हणजे सव्वातीन लिटरच्या आत-बाहेर तेल फवारतं. जुन्या पद्धतीच्या कंट्रोलला ज्योत दिसली नाही तर तो ४५ सेकंद वाट बघतो आणि मगच मोटर बंद करतो. तेवढ्या वेळात साधारण ४० मिलिलिटर तेल आत पडतं. पाच वेळा दाबलं म्हणजे २०० मिलिलिटर. आमटीची एक मोठी वाटी भरून तेल मी स्वतःच्या हाताने भट्टीत ओतलं होतं, आणि सहाव्या खेपेला ठिणगी पडली असती तर ते सगळं एकदम पेटलं असतं. याला इथे 'पफबॅक' म्हणतात. धुराड्याचा पाइप सांध्यातून निखळतो आणि काजळी घरभर उडते. पडदे, कपाटातले कपडे, स्वयंपाकघरातली भांडी, सगळ्यावर तेलकट काळा थर बसतो. अशी घरं साफ करायला स्वतंत्र कंपन्या आहेत. हे नुसत्या नुकसानीचं झालं, कधीकधी आगही लागते.

लाल बटण एकदा दाबायचं. चाललं नाही तर हात मागे घ्यायचा आणि फोन करायचा. तेलाचा बॉयलर असलेल्या घरात राहायला जाणाऱ्या प्रत्येकाला हे एक वाक्य पहिल्या दिवशी कोणीतरी सांगायला हवं. मला सात वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

बिघाड लहानसाच निघाला. ठिणगी पाडणाऱ्या दोन इलेक्ट्रोडांपैकी एकाच्या चिनी मातीच्या नळीला केसाएवढी भेग गेली होती. भेगेत काजळी बसली, आणि दहा हजार व्होल्टची ठिणगी टोकाला न पडता वाटेतच लोखंडात उतरत होती. त्याने शोषून घेणाऱ्या फडक्यांनी भट्टी जमेल तितकी टिपली, इलेक्ट्रोड बदलले, अग्निशामक नळकांडं शेजारी ठेवलं आणि झाकणातून डोळा न हलवता बर्नर पेटवला. मुरलेलं तेल जळून जाईपर्यंत तो तिथून उठला नाही. दहा वाजता नळाला कढत पाणी आलं. आईचं अभ्यंगस्नान सूर्योदयानंतर झालं, याची तिला रुखरुख लागली आणि मला तिच्याहून जास्त.

जाताना त्याने बॉयलरला दोऱ्याने बांधलेला पुठ्ठ्याचा एक जुना टॅग उलटून पाहिला. "मागच्या वर्षी सर्व्हिस झालीय असं लिहिलंय. आकडे कुठे आहेत?"

आकडे नव्हते. मागच्या वर्षी दुसऱ्या एका कंपनीचा मुलगा आला होता. पंचवीस मिनिटांत त्याने फिल्टर बदलला, बाहेरून व्हॅक्यूम फिरवला, टॅगवर तारीख टाकली आणि सही घेऊन गेला. पैसे पूर्ण सर्व्हिसचे दिले होते. बॉयलर चालत होता म्हणून मीही समाधानी होते.

---

त्या सकाळी आई तळघराच्या पायरीवर बसून सगळं बघत होती. बॉयलरचं पुढचं पत्र्याचं आवरण काढल्यावर ती म्हणाली, "हा तर बंबच आहे."

तिचं बरोबर होतं. तांब्याच्या बंबात मधून धुराची नळी जाते आणि तिच्याभोवती पाणी असतं. खाली जाळ, वर धुराडं. इथेही तेच आहे, फक्त एका नळीऐवजी लोखंडाच्या पोकळ फाकी उभ्या जोडलेल्या असतात. फाकींच्या आत पाणी, आणि दोन फाकींमधल्या अरुंद, काटेरी वाटांमधून गरम धूर वर जातो. बंबाच्या नळीत काजळी धरली की पाणी तापायला उशीर लागतो, लाकडं जास्त जळतात, आणि ओढ कमी झाली की धूर न्हाणीत भरतो. आमच्या आजीला हे ठाऊक होतं. दर काही दिवसांनी ती नळी ठोकून, खरवडून घ्यायची. सर्व्हिस हा शब्द तिच्या कानावरून गेला नव्हता.

बर्नर म्हणजे मात्र बंब नव्हे, तो पंपाच्या स्टोव्हचा भाऊबंद. दाबाखालचं तेल बारीक भोकातून बाहेर काढायचं, हवेत मिसळायचं आणि जाळायचं. स्टोव्हमध्ये रॉकेल तापून त्याची वाफ होते. इथे पंप तेलाला १०० ते १४० पौंडांच्या दाबाने नॉझलमधून ढकलतो आणि त्याचं धुकं होतं. पंखा त्या धुक्यात हवा घुसळतो.

म्हणूनच चार दिवसांनी, भाऊबीज झाल्यावर, तोच मेकॅनिक पूर्ण सर्व्हिसला आला आणि नॉझल काढून हातात धरलं तेव्हा आई पटकन म्हणाली, "पिन मारली की झालं." मी इंग्रजीत सांगितल्यावर त्याने जोरात मान हलवली. नॉझलला पिन कधीच मारायची नाही. आत तेलाला गरगर फिरवणाऱ्या खाचा केसासारख्या बारीक असतात आणि तोंडाचं भोक आरशासारखं गुळगुळीत घासलेलं असतं. पिनेचा एक ओरखडा गेला तरी फवारा एका बाजूला झुकतो. नॉझल साफ करत नाहीत, बदलतात. नवं नॉझल प्लास्टिकच्या डबीतून काढताना त्याने फक्त षटकोनी कडेला धरलं, तोंडाला बोट लागू दिलं नाही.

जुनं नॉझल त्याने माझ्या तळहातावर ठेवलं. करंगळीच्या पेराएवढं पितळ. भिंगातून त्यावर कोरलेलं वाचता आलं: ०.८५, ६०, ए. पहिला आकडा तेलाचा, दुसरा फवाऱ्याच्या कोनाचा, अक्षर फवारा आतून पोकळ की भरीव हे सांगणारं. बॉयलरवरच्या पट्टीवर मात्र ८० अंश आणि 'बी' असं स्वच्छ छापलेलं होतं. कोणीतरी पेटीत हाताला आलं ते बसवून टाकलं होतं. अरुंद फवाऱ्याची ज्योत लांब झाली, भट्टीच्या मागच्या भिंतीला आपटत राहिली आणि तिथे कोळशाचं मुठीएवढं कवच धरलं. धूर दिसू नये म्हणून मग हवेची फट नको तितकी उघडून ठेवलेली. चूक दुरुस्त न करता झाकली होती.

हे सगळं त्याने डोळ्यांनी पाहण्याआधी मोजलं होतं, आणि माझ्या मते या धंद्याचं सगळं मर्म इथेच आहे. कामाला हात लावण्याआधी त्याने बर्नर चालू करून धुराच्या पाइपाला असलेल्या पाव इंचाच्या भोकात नळी घातली. पहिल्यांदा ओढ पाहिली. मग धुराची चाचणी. सायकलच्या पंपासारखा एक लहान पंप असतो, त्याच्या तोंडाशी पांढऱ्या कागदाची पट्टी अडकवायची आणि दहा वेळा दांडा ओढायचा. कागदावर गोल ठिपका उमटतो. तो शून्यापासून नऊपर्यंतच्या छटा छापलेल्या कार्डाशी ताडून बघायचा. शून्य म्हणजे कोरा कागद, नऊ म्हणजे काळा कुळकुळीत. आमचा ठिपका तीनवर होता, ओल्या सिमेंटच्या रंगाचा. मग इलेक्ट्रॉनिक यंत्र घातलं. ते आधी घालत नाहीत, काजळीने त्याची नळी खराब होते. कार्बन डायऑक्साइड ८ टक्के, धुराचं तापमान ५७० फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ ३०० सेल्सिअस. कार्यक्षमता ७८ टक्के.

"हवा जास्त आहे आणि तरी धूर आहे," तो म्हणाला. "म्हणजे फवारा बिघडलाय." नॉझल त्याने त्यानंतर काढलं.

पुढचा दीड तास तो फारसा बोलला नाही. वरचं झाकण उघडून लांब दांड्याचा तारेचा ब्रश फाकींमधल्या प्रत्येक वाटेतून वरून खाली घातला. पडलेली काजळी आणि पिवळट खवले व्हॅक्यूमने ओढले. धुराडं जिथे भिंतीत शिरतं तिथला पाइप काढून आत हात घालून पाहिलं. तेलाच्या डब्यातला लोकरीचा फिल्टर, पंपातली जाळी बदलली. ज्योत बघणारा डोळा, म्हणजे कॅडमियम सल्फाइडची नखाएवढी चकती, मऊ फडक्याने पुसली. तिच्यावर उजेड पडला की तिचा विद्युतरोध घटतो आणि कंट्रोलला कळतं की आत जाळ आहे. तिच्यावर काजळी बसली तर जाळ असूनही बर्नर बंद पडतो. इलेक्ट्रोडची टोकं त्याने मापपट्टी लावून बसवली: एकमेकांपासून इंचाचा आठवा हिस्सा, नॉझलच्या तोंडापासून इंचाचा सोळावा हिस्सा पुढे. मग पंपाच्या बोंडीला पारदर्शक नळी लावून तेल बरणीत सोडलं. तेलाचा रंग लालभडक. रस्त्यावरच्या डिझेलवर कर असतो, घराच्या तेलावर तो नाही, म्हणून ओळखायला रंग घालतात. नळीतला शेवटचा बुडबुडा निघून जाईपर्यंत तो थांबला.

मग पुन्हा पेटवलं. आता हवेचा झरोका फिरवून आधी ठिपक्यात जेमतेम धूर येईल अशा जागी आणला, तिथला कार्बन डायऑक्साइड मोजला, आणि मग दीड टक्का कमी होईपर्यंत हवा वाढवली. ही दीड टक्क्याची जागा मुद्दाम सोडायची असते. थंडीत हवा जड होते, धुराड्याची ओढ बदलते, तेलाच्या प्रत्येक खेपेचा दाटपणा थोडा वेगळा. अगदी काठावर लावलेला बर्नर जानेवारीत धूर करायला लागतो.

मी झाकणातून ज्योत पाहिली. पिवळी, झळझळीत. स्टोव्हवर वाढलेल्या माणसाला पिवळी ज्योत म्हणजे बिघाड वाटतो, निळी म्हणजे ठीक. इथे ते उपयोगाचं नाही. आधीचीही पिवळीच होती, आताचीही पिवळीच. डोळ्यांना फरक कळत नव्हता, कागदाला कळत होता. दहा वेळा दांडा ओढून त्याने पट्टी काढली आणि ठिपका शोधायला आम्हाला ती उजेडात धरावी लागली. शून्य. यंत्रावर कार्बन डायऑक्साइड १२ टक्के, तापमान ४५०, कार्यक्षमता ८४.

सहा टक्के कानाला थोडे वाटतात. आमच्या घराला हिवाळा काढायला सुमारे ८०० गॅलन तेल लागतं. तीच ऊब ८४ टक्क्यांवर मिळवायची तर ५७ गॅलन कमी पुरतात. गॅलनला ४ डॉलर धरले तर सव्वादोनशे डॉलर झाले, सर्व्हिसला मी दिले त्याहून जास्त. आणि एक गॅलन तेल जाळलं की १० किलोपेक्षा थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड आकाशात जातो, म्हणजे पावणेसहाशे किलो. एका चुकीच्या पितळी तुकड्यापायी दर हिवाळ्यात हे होत होतं.

त्याच दिवशी मी जुना कंट्रोलही बदलून घेतला. नवा १५ सेकंदच वाट बघतो, आणि सलग तीन वेळा ज्योत धरली नाही तर कुलूप लावून बसतो, ते मेकॅनिकच उघडू शकतो. मागच्या वेळी तो असता तर वाटीभर तेल आत गेलंच नसतं.

---

पुढच्या सप्टेंबरात मी त्या मेकॅनिकच्या व्हॅनमध्ये बसून एक दिवस त्याच्याबरोबर हिंडले. माझं नाव लिहू नका, एवढीच त्याची अट. सप्टेंबर हा या कामाचा खरा महिना. ऑक्टोबरात पहिला गारठा पडला की सगळं गाव एकाच वेळी फोन करतं.

पहिलं घर तीन मजली लाकडी, वूस्टरच्या टेकड्यांवर अशी घरं रांगेने उभी आहेत. मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या. इथला बॉयलर पाणी नव्हे, वाफ पाठवणारा. तळघराच्या खिडकीखाली अजून कोळसा ओतायची घसरण होती. वाफेच्या बॉयलरला पाणी संपलं की बर्नर तोडणारा तरंगता गोळा असतो. तिथे साचणारा गाळ हिवाळ्यात दर आठवड्याला घरच्यांनी बादलीत सोडून द्यायचा असतो. बाईंचे यजमान ते न चुकता करायचे. ते गेल्यापासून कोणी केलं नव्हतं. त्याने बर्नर चालू ठेवून झडप उघडली. कॉफीच्या रंगाचं पाणी भसाभस बादलीत आलं आणि बर्नर चालूच राहिला. तो थांबायला हवा होता. गोळा गाळात रुतला होता. पाणी आटलं असतं तरी जाळ चालूच राहिला असता, लाल तापलेलं कोरडं लोखंड तडकलं असतं, आणि तेव्हा कोणी थंड पाणी सोडलं तर काय होतं ते त्याने सांगितलं नाही, फक्त हाताने दाखवलं.

गोळ्याचं घर उघडून त्याने चिखल काढला, तीनदा तपासलं, आणि मग ऐंशीच्या बाईंना तळघरात हाताला धरून उतरवून झडप त्यांच्याच हाताने उघडायला लावली. दर रविवारी, चर्चला जाण्याआधी. भिंतीवर खडूने लिहूनही ठेवलं. या वीस मिनिटांचे पैसे त्याने लावले नाहीत.

दुसऱ्या घरात विशेष काही नव्हतं. तिसऱ्यात टाकीची भानगड. तेलाची टाकी बहुतेक घरांत २७५ गॅलनची असते, हजारभर लिटरची, आणि तिला शिट्टी असते. टँकरवाला बाहेरून नळी लावून तेल सोडतो तेव्हा टाकीतली हवा शिट्टीतून बाहेर पडते आणि ती वाजत राहते. तेल वर आलं की थांबते. टाकी तळघरात, माणूस रस्त्यावर, मध्ये दगडी भिंत. त्याला टाकी दिसत नाही, तो फक्त शिट्टी ऐकतो. शिट्टी वाजेना तर तेल सोडायचं नाही, हा त्या धंद्याचा पहिला नियम. या घरी टँकरवाल्याने आल्या पावली परत जाऊन कळवलं होतं. हवेच्या नळीच्या तोंडाशी गांधीलमाशीने मातीचं घर बांधलेलं निघालं. त्या माणसाने कान दिला नसता तर टाकीत दाब चढून शिवण उसवली असती. टाकीच्या तळाला बोट फिरवून मेकॅनिकने मला ओल दाखवली. टाक्या बाहेरून नाही, आतून गंजतात. हवेतला दमटपणा पत्र्यावर पाणी होऊन तळाशी बसतो. उन्हाळ्यात टाकी भरलेली ठेवली की आत हवाच कमी राहते.

दुपारी व्हॅनमध्ये सँडविच खाताना तो कायद्यांबद्दल बोलला. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याच्या अग्निशमन खात्याचं प्रमाणपत्र असल्याशिवाय बर्नरला हात लावता येत नाही. जुन्या घरांत तांब्याची तेलनळी उघडीच काँक्रीटखालून नेलेली असते, ती हळूहळू खाल्ली जाते. २०११ पासून तिला आवरण किंवा सुरक्षा झडप सक्तीची आहे. २००५ च्या जानेवारीत प्लिमथमध्ये बर्फाने घराच्या बॉयलरची बाहेरची धूरवाट बुजली आणि सात वर्षांची मुलगी कार्बन मोनॉक्साइडने गेली. घरोघर त्या वायूचा इशारा देणारं यंत्र लावायला लावणारा कायदा तिच्या नावाने ओळखला जातो. तो ३१ मार्च २००६ पासून लागू झाला. हे सांगताना त्याने सँडविच कागदात परत गुंडाळून ठेवलं.

सारी अमेरिका धरली तर तेलावर तापणारी घरं सुमारे ५० लाख, आणि त्यातली बहुतेक याच ईशान्य कोपऱ्यात. मेन राज्यात तर निम्म्याहून जास्त घरं तेलावरच. तिथे बऱ्याच भागांत गॅसच्या नळ्या पोहोचल्याच नाहीत. ज्यांना टाकी भरणं परवडत नाही त्यांना सरकारी इंधन-मदत मिळते. शिवाय जोसेफ केनेडी (दुसरे) यांनी १९७९ मध्ये सुरू केलेली सिटिझन्स एनर्जी ही संस्थाही अशा घरांच्या मदतीला आली. आता वारं फिरलंय. मेनने २०१९ मध्ये विजेवर घर तापवणाऱ्या एक लाख हीट पंपांचं २०२५ पर्यंतचं लक्ष्य ठरवलं, ते २०२३ मध्येच गाठलं. माझा बॉयलर जाईल तेव्हा मीही तेच बसवणार आहे, आणि हे मी त्याला सांगितलं. त्याला वाईट वाटलं नाही. त्याची अडचण वेगळी होती. "नवीन मुलं या कामाला येत नाहीत. पण हे बॉयलर काही उद्या जात नाहीत. मधल्या पंधरा-वीस वर्षांत ते कोण बघणार?"

मलाही तीच काळजी वाटते. त्यात आणखी एक समज पसरत चालला आहे. २०१८ पासून इथलं तेल जवळजवळ गंधकरहित आहे, दहा लाखांत १५ भाग. पूर्वी ते प्रमाण हजारांत होतं आणि त्याचेच पिवळे खवले फाकींवर बसत. नव्या तेलाने बॉयलर खूप स्वच्छ राहतो, हे खरं. म्हणून दरवर्षी सर्व्हिस कशाला, असं आता बरेच जण म्हणतात. झाडलोट दरवर्षी नाही लागली तरी चालेल, हे मला मान्य. मोजणं मात्र दरवर्षी लागतं. नॉझल झिजतं, चिनी मातीला भेग जाते, गोळा रुततो, माशी घर बांधते. यातलं काहीच वरच्या मजल्यावर कळत नाही, तिथे नळाला पाणी गरम येत असतं. सर्व्हिसच्या माणसाला चहा विचारा, आणि धुराचा ठिपका दाखवायला सांगा. ज्याच्याजवळ पंप आणि कागद नाही त्याने फक्त फिल्टर बदलला असं समजा.

आमच्या बॉयलरच्या टॅगवर आता तीन ओळी झाल्या आहेत. तारीख, ०.८५-८०-बी, दाब, ओढ, धूर ०, कार्बन डायऑक्साइड, तापमान, टक्के. अक्षर बारीक, पेन्सिलीचं, तेलकट बोटाचा ठसा प्रत्येक ओळीशेजारी. आई साताऱ्याहून फोनवर दिवाळीच्या आठवडाभर आधी विचारते, "तो बंबवाला येऊन गेला का गं?" यंदा २३ सप्टेंबरला येऊन गेला. कागदाची पट्टी मी देवघराच्या खणात ठेवली आहे, उटण्याच्या पुडीजवळ.